‘ओटी असिस्टंट’ व्हायचंय? कोल्हापुरातल्या मुलामुलींसाठी, अगदी पहिल्या पायरीपासून

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आमच्या थेरपी सेंटरवर चारदोन पोरंपोरी चौकशीला येतात. मागे एकदा कागलकडची एक मुलगी वडिलांबरोबर आली. प्लास्टिकच्या पिशवीतून सर्टिफिकेटची फाईल जपून आणली होती. वडील म्हणाले, "मॅडम, हिचा ओटी असिस्टंटचा कोर्स झालाय. इथं घ्याल काय?"

फाईल उघडली. कोर्स ऑपरेशन थिएटरचा होता. हत्यारं निर्जंतुक करणं, ट्रॉली लावणं, टेबल तयार ठेवणं, हे सगळं तिला चांगलं येत होतं. पण लेकराला पेन्सिल धरायला कसं शिकवायचं, याचा त्यात एक धडाही नव्हता. प्रवेश घेताना तिनं विचारलं होतं, आणि "दोन्ही एकच" असं उत्तर मिळालं होतं. वर्ष गेलं, फी गेली. बाप-लेक जिना उतरून गेले तेव्हा मला फार वाईट वाटलं. हा लेख त्याच चौकशांना उत्तर म्हणून लिहिते आहे. मी या कामात बारा वर्षं आहे, मदतनीस म्हणूनच सुरुवात केली.

आधी ‘ओटी’ कोणतं ते ठरवा

दवाखान्याच्या बोलण्यात ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. वर्तमानपत्रात ‘ओटी असिस्टंट पाहिजे’ अशी जाहिरात दिसली, तर ती बहुतेक वेळा थिएटरचीच असते. आपण बोलतोय ते ऑक्युपेशनल थेरपीबद्दल, मराठीत व्यवसायोपचार. या मराठी शब्दानंही घोळ होतो, कारण व्यवसाय म्हटलं की लोकांना धंदा आठवतो. इथं व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर ज्यात गुंतलेला असतो ते सगळं. दात घासणं, शर्टाची बटणं लावणं, वहीत एका रेषेत लिहिणं, भाकरी थापणं, म्हशीची धार काढणं. आजारानं, अपघातानं किंवा जन्मापासूनच्या अडचणीमुळं यातलं जे जमत नाही, ते पुन्हा किंवा पहिल्यांदा जमवून देणं हा उपचार.

फिजिओथेरपीशी गल्लत होते, तर ढोबळ मानानं असं धरा: हात खांद्यापर्यंत उचलला जावा म्हणून फिजिओ झटतो, आणि त्या हातानं घास तोंडापर्यंत जातोय का, हे ऑक्युपेशनल थेरपिस्ट बघतो. प्रत्यक्षात दोघांचं काम एकमेकांत मिसळलेलं असतं.

आपल्याकडं या विषयाचं शिक्षण १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं. ते सुरू केलं कमला निंबकर यांनी. जन्मानं अमेरिकन, लग्न करून निंबकरांच्या घरात आलेल्या. म्हणजे या विद्येची भारतातली पहिली शाळा आपल्याच राज्यातली, तरी कोल्हापुरात अजून निम्म्या लोकांना तिचं नाव समजावून सांगावं लागतं.

असिस्टंट नेमकं काय करतो

थेरपिस्ट रुग्णाला तपासतो, काय साधायचं ते ठरवतो, आराखडा करतो. असिस्टंट तो आराखडा रोज हातानं राबवतो. तीच कृती वीस वेळा करून घेतो, कुठं अडलं ते बघतो, लिहून ठेवतो, थेरपिस्टला सांगतो. साहित्य स्वच्छ ठेवणं, झोपाळा-दोऱ्या-हुक रोज तपासणं, घरी काय करायचं ते आईला दाखवणं, हेही त्यातच येतं.

आपल्या भागात कोण येतं? अंगावरून वारं गेलेली माणसं. सेरेब्रल पाल्सीची (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाल अडलेली), ऑटिझमची, अक्षर न जमणारी मुलं. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेले तरुण. आणि हात गेलेली माणसं: गुऱ्हाळाच्या चरकात, इचलकरंजीच्या यंत्रमागावर, शिरोलीच्या कारखान्यात प्रेसखाली बोटं सापडलेली. हुपरीचा चांदी कारागीर येतो तेव्हा त्याला नुसती मूठ वळून चालत नाही. चिमटीत बारीक कडी धरता आली पाहिजे, नाहीतर त्याच्या दृष्टीनं हात बरा झालेलाच नाही.

एक प्रसंग सविस्तर सांगते, म्हणजे कामाचा पोत कळेल.

करवीर तालुक्यातले एक तात्या. उजवी बाजू गेलेली, हात थोडा हलू लागलेला. आराखड्यात त्या आठवड्याचं काम होतं: शर्ट स्वतः घालणं. शर्ट मांडीवर पसरायचा, कॉलर गुडघ्यांकडं, आतली बाजू वर. मग डाव्या हातानं उजवा हात उचलून बाहीत सोडायचा आणि बाही कोपराच्या वर ओढून घ्यायची. दुखरा हात आधी, चांगला नंतर. काढताना उलट, चांगला आधी, दुखरा शेवटी. हे एवढं वाक्य पाठ असलं तरी नवख्याचं निम्मं काम होतं. बाही कोपरापर्यंत आली की कॉलर पकडून पाठीमागून फिरवायची. इथं तात्या अडकले. शर्ट पाठीमागं चुरगळून बसला आणि हात पोचेना. कपाळाला घाम आला. म्हणाले, "राहू दे पोरी, तूच घाल. आमचं काय आता."

मी हात मागं घेतला, माझ्याच पाठीमागं बांधला. म्हटलं, "तात्या, थोडं पुढं वाका, शर्ट आपोआप सुटेल." ते वाकले, शर्ट सुटला. पहिलं बटण लावायला चार मिनिटं गेली. सगळी बटणं झाली तेव्हा बाहेर बाकावर बसलेल्या काकींना त्यांनी स्वतः हाक मारली.

ही चार मिनिटं गप्प बसणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे. आपल्या घरात मायेची रीत अशी, की आजारी माणसाच्या हातातलं काम काढून घ्यायचं. ती माया खरी असते, पण तिच्यामुळं हात आणखी निकामी होतो. सुरुवातीला मीही हे केलंय. एक मुलगा होता, त्याची आई नेहमी घाईत, खाली रिक्षा थांबलेली. मी रोज त्याच्या बुटाचे पट्टे लावून द्यायची. दोन मिनिटांचं काम. काही महिन्यांनी मी आठवडाभर सुट्टीवर गेले, परत आले तर आई म्हणाली, "तुम्ही नव्हता तर यानं बूट घातलेच नाहीत, पाय पुढं करून बसायचा." त्या मुलाला मी बूट घालायला शिकवलं नव्हतं, पाय पुढं करायला शिकवलं होतं. तेव्हापासून आईलाच सांगते, रिक्षा पाच मिनिटं उशिरा बोलवा.

फी भरण्याआधी पंधरा दिवस नुसतं बघा

कुठल्याही कोर्सच्या आधी हे करा. एखाद्या सेंटरच्या किंवा विशेष शाळेच्या प्रमुखांना भेटून, रीतसर अर्ज देऊन, काही दिवस बसून बघू द्या म्हणून विनंती करा. राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क या डॉक्टरांच्या भागांत मुलांची थेरपी सेंटरं चालतात. शेंडा पार्कला बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करणारी ‘चेतना’ आहे. उचगावजवळ ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’चं काम आहे, जे १९८४ मध्ये नसीमा हुरजूक यांनी उभं केलं. त्या स्वतः तरुणपणापासून चाकाच्या खुर्चीवर. आपल्या गावात हा वारसा आहे. तो बघितल्याशिवाय या कामात येऊ नका असं मी सगळ्यांना सांगते. आणि सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी तासभर बसलात तरी आजारी माणसाबरोबर घरचे कसे वागतात, कोण बोलतं आणि कोण बोलूच देत नाही, हे दिसेल.

बघताना स्वतःला विचारा: लाळ, शी-शू, उलटी यांची किळस येते का? एखादं मूल चावलं, ओरबाडलं तर राग धरून राहतो का? तीन महिने एकच कृती करून घेऊन फक्त अंगठा जरा हलला, तर तो आनंद मला पुरेल का? हे आपल्याला जमणार नाही असं मनापासून वाटलं तर त्यात कमीपणा काही नाही. लॅब, फार्मसी, एक्स-रे अशा कितीतरी वाटा आहेत.

शिक्षणाच्या वाटा

इथं सगळ्यात जास्त फसवणूक होते, म्हणून नीट वाचा.

अमेरिकेत ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट हा कायद्यानं ठरलेला वेगळा व्यवसाय आहे. साधारण दोन वर्षांची कॉलेजची पदवी, मग राष्ट्रीय परीक्षा, मग त्या-त्या राज्याचा परवाना. यूट्यूबवर जे व्हिडिओ दिसतात ते बहुतेक तिथले. आपल्याकडं अशी सरळ शिडी नाही. महाराष्ट्रात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचारासाठी (फिजिओथेरपीसाठी) राज्य परिषद आहे, आणि तिच्याकडं नोंदणी होते ती पदवी घेतलेल्या थेरपिस्टची. असिस्टंट म्हणून तुम्ही त्या नोंदणीकृत थेरपिस्टच्या हाताखालीच काम करायचं. स्वतःची पाटी लावायची नाही.

दुसरी गोष्ट २०२१ च्या केंद्रीय कायद्याची, ज्यानं सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून थेरपी, लॅब, एक्स-रे अशा कामांसाठी, राष्ट्रीय आयोग नेमला. त्यात सहयोगी आरोग्य व्यावसायिकासाठी किमान २००० तासांचं, दोन ते चार वर्षांत होणारं डिप्लोमा किंवा पदवीचं शिक्षण धरलेलं आहे. आता हिशेब तुम्हीच करा. कुणी तीन महिन्यांत ‘थेरपी डिप्लोमा’ देतो म्हणाला, तर रोज आठ तास, रविवार धरूनसुद्धा ते साडेसातशे तासांच्या आत बसतं. असा कोर्स ओळख म्हणून ठीक. पात्रता म्हणून त्यावर भरवसा ठेवू नका.

मग वाटा कोणत्या?

थेट मदतनीस म्हणून लागणं ही पहिली. दहावी-बारावी झालेल्यांना खासगी सेंटरं आणि पुनर्वसन केंद्रं घेतात आणि शिकवतात. कमाई आणि शिक्षण बरोबर चालतं. हातात कागद मात्र राहत नाही. म्हणून सोबत रुग्णसेवेचा, जनरल ड्युटी असिस्टंटचा कौशल्य कोर्स केलात तर रुग्ण उचलणं, स्वच्छता, नाडी-रक्तदाब, प्रथमोपचार यांचा पाया पक्का होतो.

मुलांमध्ये काम करायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या मान्यतेचे कोर्स बघा. विशेष शिक्षणाचा दोन वर्षांचा डिप्लोमा त्यातलाच. हा थेरपीचा कोर्स नव्हे, विशेष शिक्षकाचा आहे. पण आरसीआयच्या केंद्रीय नोंदवहीत तुमचं नाव लागतं, विशेष शाळेची वाट मोकळी होते, आणि थेरपी सेंटरला असा माणूस सोन्यासारखा वाटतो. कागलच्या त्या मुलीनं पुढं हेच केलं. आधी सहा महिने आमच्याकडं मदतनीस राहिली, मग डिप्लोमाला गेली. थिएटरची शिस्त तिच्या अंगात होतीच, खेळणी पुसून वाळवण्यापासून ती दिसायची.

आणि ज्यांचं बारावी विज्ञान बायोलॉजी घेऊन झालंय, ‘नीट’ परीक्षा द्यायची तयारी आहे, त्यांना माझा आग्रह आहे की असिस्टंटवर थांबू नका, थेरपिस्टच व्हा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी आहे, शेवटी इंटर्नशिप. प्रवेश नीटच्या गुणांवर, सीईटी सेलमार्फत. सरकारी आणि पालिकेची जुनी कॉलेजं मुंबईत केईएम, सायन, नायर या रुग्णालयांत, आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. एमबीबीएस हुकलं म्हणून रडत बसलेल्या किती मुलांना या पदवीचं नावही ठाऊक नसतं.

कुठल्याही संस्थेत पैसे भरण्याआधी तीन प्रश्न तोंडी नाही, लेखी विचारा. मान्यता कुणाची, तिचा क्रमांक काय? रुग्णांबरोबर प्रत्यक्ष किती तास, आणि कुठल्या ठिकाणी? शिकवणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट कोण, त्याचा परिषदेचा नोंदणी क्रमांक काय? आरसीआयची मान्यता सांगितली तर तिच्या संकेतस्थळावरच्या यादीत संस्थेचं नाव स्वतः शोधा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली की चप्पल घालायची आणि निघायचं.

घरी बसून आजपासून काय शिकाल

कृती सुटी करायला शिका. आमच्या कामाचं व्याकरण हेच आहे. भाकरी घ्या. पीठ परातीत घेणं, मधे आळं करणं, गरम पाणी बेतानं ओतणं, मळणं, गोळा तोडणं, दोन्ही तळव्यांत गोल करणं, परातीत पीठ भुरभुरणं, थापणं, थापता थापता फिरवणं, उचलून तव्यावर टाकणं, वरून पाण्याचा हात फिरवणं, उलटणं, फुगवणं. आता प्रत्येक पायरीपुढं लिहा: एक हात लागतो की दोन? जोर किती? नजर कुठं? चटका कुठं बसेल? एका हातात जोर नसलेल्या मावशींना यातली कुठली पायरी आज जमेल? बहुधा थापणं जमेल, कारण चांगला हात दुखऱ्या हाताला आपल्याबरोबर ओढून नेतो. तव्यावर टाकणं मात्र आज नाही. चहा, दप्तर भरणं, गाठ मारणं, अशा दहा कृती वहीत लिहून काढा. मुलाखतीला ती वही घेऊन गेलात तर मी तरी सर्टिफिकेट नंतर बघेन.

मग घरातल्या वस्तूंनी जुगाड. चमच्याच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळून जाड केलं की कमजोर मूठ तो धरू शकते. ताट सरकत असेल तर खाली ओलं फडकं. बटणांच्या मागं वेल्क्रो. हाताच्या व्यायामासाठी दाबायची मऊ पुटी विकत घेता येत नसेल तर कणकेचा गोळा.

उचलणं आणि बसवणं

हे वाचून शिकता येत नाही, कुणाच्या तरी देखरेखीखाली करूनच येतं. तरी क्रम डोक्यात ठेवा. चाकाच्या खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावलेत? पायाच्या पट्ट्या वर केल्यात? खुर्ची रुग्णाच्या चांगल्या बाजूला, पलंगाला जरा तिरकी आहे? त्याचे तळवे जमिनीला टेकलेत? काय करणार आहोत ते त्याला सांगितलंय? मग आपले गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, त्याला अंगाजवळ घेऊन उठवायचं. लुळ्या हाताला धरून कधीही ओढायचं नाही. खांद्याभोवतीचे स्नायू ढिले झालेले असतात, सांधा खाली उतरतो, आणि मग महिनोन्महिने दुखणं मागं लागतं. घरचे लोक हमखास हीच चूक करतात, तेव्हा तुम्ही त्यांना थांबवायचं.

चाकाच्या खुर्चीवर बसून राहणाऱ्याला दर अर्ध्या तासाच्या आत थोडं उचलून, कलून भार बदलायला शिकवायचं, नाहीतर बुडाशी, हाडांवर भार येतो तिथं, जखम होते. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला ती जखम कळतही नाही. रोज आरशानं बघायची सवय लावणं हे तुमचं काम.

घरभेटीला गेलात तर आधी उंबरा बघा, मग न्हाणीघर. शहाबादी फरशी ओली झाली की काय होते, हे आपल्याला सांगायला नको.

हद्द सांभाळा

कुणी ‘डॉक्टर’ म्हटलं तर तिथल्या तिथं दुरुस्त करा. आईनं "हा चालेल का हो?" विचारलं तर अंदाज सांगू नका, थेरपिस्टकडं न्या. औषधाबद्दल बोलू नका. व्यायामात बदल सुचला तर आधी विचारा. फिट आली, अचानक बोलणं अडखळलं, पोटरी सुजून गरम लागली, की कृती थांबवा आणि लगेच कळवा.

मुलांचे फोटो-व्हिडिओ स्टेटसला कधीच नाहीत, आईनं हसून परवानगी दिली तरी नाहीत. मुलाबरोबर काम करताना दार उघडं किंवा काचेचं असावं. कपडे बदलताना घरचं माणूस सोबत असावं. यात मुलाचीही सुरक्षा आहे आणि तुमचीही.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्यात २१ प्रकारची दिव्यांगता येते. पालकांना युडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, माहिती नसते. अर्ज कुठं आणि कसा करायचा एवढं शिकून घ्या. तुमच्या एका वाक्यानं त्यांचे चार हेलपाटे वाचतात.

नोकरी ठरवताना

पगार, सुट्टी, घरभेटीचा पेट्रोल खर्च कागदावर घ्या. सेंटरला पूर्णवेळ ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे का हे विचारा. तो आठवड्यातून एकदाच येत असेल आणि बाकी सहा दिवस सगळी मुलं तुमच्या हवाली असतील, तर ती जागा घेऊ नका. पगार चांगला असला तरी घेऊ नका. तिथं तुम्ही शिकत नाही, आणि मुलाचं काही बिघडलं तर त्याची भरपाई कुणालाच करता येत नाही.

परदेशाचं थोडक्यात. अमेरिकेतली असिस्टंटची परीक्षा तिथल्याच मान्यताप्राप्त कॉलेजातून शिकलेल्यांना देता येते, इथला अनुभव दाखवून नाही. "इथं कोर्स करा, तिकडं पाठवतो" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

पहिल्या दिवशी येताना नखं कापलेली, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या, केस बांधलेले, गळ्यात लोंबतं काही नाही. अत्तर नको, काही मुलांना वास सहन होत नाही. घोट्याला घट्ट बसणारे बूट, कारण पूर्ण दिवस उठबस असते. खिशात छोटी वही आणि पेन. पहिले आठ दिवस प्रत्येक रुग्णामागं एकच ओळ लिहा: आज यानं स्वतःच्या हातानं काय केलं. संध्याकाळी ती ओळ थेरपिस्टला वाचून दाखवा.